खेळाडूच्या डोक्याची तालीम : मोबाईलवर की मैदानावर?

घरात एखादं मूल जिल्ह्याच्या संघापर्यंत खेळणारं असलं की आईच्या डोक्याला एक नवा विषय मिळतो. आधी बुटांचा, मग दुधा-अंड्यांचा, मग क्लासच्या वेळेचा. आणि हल्ली त्यात आणखी एकाची भर पडली आहे. मुलगी सरावाहून येते, पाय धुते आणि म्हणते, "आई, हे ॲप घेऊ या ना! रोज पंधरा मिनिटं खेळलं की डोकं चपळ होतं. खेळाडूंसाठीच आहे." वर्षाची वर्गणी विचाराल तर महिन्याभराच्या भाजीचा हिशेब आठवतो. नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान व्हायचं, हो म्हणावं तर आणखी एक तास मोबाईल हातात.

आपल्या पनवेलकडे तर या प्रश्नाची दुसरीही बाजू आहे. जुनं पनवेल, नवीन पनवेल, कामोठे, कळंबोली, खारघर इथल्या कितीतरी घरांत इंजिनीयरिंग शिकणारी मुलं-मुली आहेत आणि शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून काही ना काही ॲप करायचंच असतं. म्हणजे एका मजल्यावर ॲप विकत घ्यावं का हा प्रश्न, आणि वरच्या मजल्यावर ते करावं कसं हा! दोन्हींचं उत्तर मात्र एकाच गोष्टीत आहे : या खेळाने नेमकं काय शिकलं जातं?

खेळात डोकं किती लागतं?

पुष्कळ लागतं, याबद्दल शंका नको. ताशी १४० किलोमीटर वेगाने टाकलेला चेंडू फलंदाजापर्यंत यायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. दिसल्यावर शरीर हलायलाच त्यातला सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. उरलेल्या वेळात चेंडू कुठे पडेल ते ओळखायचं आणि बॅट आणायची. कबड्डीत चढाईला मिळतात ३० सेकंद. समोर सात जण, त्यांतला कोण पुढे झेपावेल आणि कोण नुसती हूल देतोय हे तेवढ्यात ओळखायचं. आगरी-कोळी गावांतल्या मैदानांवर वाढलेल्या पोरांना हे सांगावं लागत नाही!

खो-खोत तर पाठलाग करणाऱ्याने एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत फिरता येत नाही. म्हणून खो कुणाला आणि कधी द्यायचा, हा निर्णयच सगळा डाव ठरवतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. त्यात महाराष्ट्राच्या प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असं हरवलं. नुसत्या पायांच्या जोरावर असा विजय मिळत नाही.

मग ॲपने डोकं चपळ होतं का?

इथेच सावध व्हायला हवं. 'बुद्धीचा व्यायाम' म्हणून जगभर गाजलेलं ल्युमॉसिटी नावाचं ॲप होतं. त्याने शाळेत, कामात, खेळातही फायदा होतो अशी जाहिरात केली होती. अमेरिकेच्या ग्राहक-व्यवहार पाहणाऱ्या संघीय व्यापार आयोगाने त्याला पुरावा मागितला. तो पुरेसा नव्हता, आणि जानेवारी २०१६ मध्ये कंपनीला वीस लाख डॉलर भरावे लागले.

दुसरी गोष्ट खास खेळाडूंचीच. अल्टिमाइज नावाचं नजर सुधारण्याचं ॲप होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या बेसबॉल संघातल्या १९ खेळाडूंनी ते २५ मिनिटांच्या ३० बैठका वापरलं. नजर सुधारली आणि खेळही सुधारला, असा अहवाल २०१४ मध्ये आला. पण २०१५ मध्ये त्याच आयोगाने या ॲपच्या दाव्यांवर बोट ठेवलं. अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचीच त्या धंद्यात भागी होती आणि ते गिऱ्हाइकांना सांगितलं नव्हतं, असाही ठपका होता. दीड लाख डॉलर देऊन ते प्रकरण मिटलं. पापड विकणारीनेच "माझे पापड उत्तम" असं प्रमाणपत्र लिहावं, तसंच हे!

२०१६ सालीच काही मानसशास्त्रज्ञांनी अशा खेळांवरचे सगळे अभ्यास एकत्र करून तपासले. जो खेळ खेळाल त्यात तुम्ही तरबेज होता. त्याच्या अगदी जवळच्या कामात थोडा फरक पडतो. लांबच्या, रोजच्या कामात फारसा फायदा दिसत नाही. असं त्यांना आढळलं. म्हणजे पडद्यावरचे रंगीत चौकोन पटापट टिपणारी मुलगी चौकोन टिपण्यात हुशार होते, पकड करण्यात नव्हे.

असं का होतं?

याचं कारण बुद्धिबळाने फार छान दाखवलं आहे. १९७३ साली चेस आणि सायमन या दोघांनी निष्णात खेळाडूंना पट पाच सेकंद दाखवला आणि सोंगट्या आठवून मांडायला सांगितल्या. खऱ्या डावातला पट होता तेव्हा निष्णातांनी तो नवशिक्यांपेक्षा कितीतरी चांगला मांडला. पण सोंगट्या कशाही विखुरलेल्या असताना त्यांची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती. हजारो डाव पाहून पटावरच्या रचना त्यांच्या ओळखीच्या झाल्या होत्या. आपण नाही का, फोडणीच्या नुसत्या आवाजावरून मोहरी तडतडली की जळायला आली ते ओळखत! ते काही कानाचे व्यायाम करून आलेलं नसतं.

मग चांगलं ॲप कसं असेल?

आता वरच्या मजल्यावरच्या मुलीकडे वळू. १९८७ साली ॲबरनेथी आणि रसेल यांनी बॅडमिंटनवर एक प्रयोग केला. समोरचा खेळाडू फूल मारतोय अशी फिल्म दाखवायची आणि मध्येच तोडायची. फूल कुठे पडणार ते पाहणाऱ्याने सांगायचं. नवशिके फक्त रॅकेटवरून अंदाज बांधत होते. मुरलेले खेळाडू दंडाच्या हालचालीवरूनही ओळखत होते, म्हणजे थोडं आधीच.

या धाग्यावर आपल्या पनवेलातच स्वस्तात ॲप करता येईल. मोबाईल मैदानाच्या कडेला बचावपटूच्या डोळ्यांच्या उंचीवर उभा करावा आणि खऱ्या सरावाच्या चढाया टिपाव्यात. चढाईपटूने पाय टाकायच्या क्षणी चित्र थांबवावं आणि विचारावं : डावीकडे, उजवीकडे की बोनसला? उत्तर देताच पुढचं चित्र सोडावं, म्हणजे बरोबर की चूक ते लगेच कळेल. सोप्या चित्रांपासून सुरुवात करून हळूहळू चित्र आधी-आधी तोडत न्यावं. खो-खोत हेच पळणाऱ्याच्या हुलकावणीवर करता येतं.

चार पथ्यं मात्र पाळायला हवीत. बैठक दहा मिनिटांची असावी आणि वेळ झाली की ॲपने आपण होऊन बंद व्हावं. नाणी, तारे, 'आज आला नाहीत' अशी टोचणी, यातलं काही नको. चित्रं त्याच वयाच्या, त्याच खेळाच्या मुलांची हवीत आणि घेण्याआधी त्यांच्या पालकांना विचारायला हवं. आपल्या संसदेने २०२३ साली केलेल्या वैयक्तिक डिजिटल माहितीच्या कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांच्या संमतीची अट घातली आहे.

चौथं पथ्य सगळ्यांत मोठं. गुण ॲपवरचे मोजायचे नाहीत, मैदानावरचे मोजायचे. संघातल्या मुलींचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. एकीने ॲप वापरावं, दुसरीने तेवढाच वेळ प्रशिक्षकांबरोबर नुसते सामने पाहावेत. सहा आठवड्यांनी कोण कुठल्या गटातलं हे माहीत नसलेल्या पंचाने पकडी मोजाव्यात. फरक पडला नाही तर तसं लिहावं. प्रोजेक्टला त्याने कमीपणा येत नाही, उलट इतर कितीजणींचे पैसे वाचतात.

पैसे भरण्याआधी विचारा

आता खालच्या मजल्यावरच्या आईने काय करावं? तीन प्रश्न विचारावेत. यातले प्रसंग माझ्या मुलीच्या खेळातले आहेत का? सुधारणा मैदानावर मोजली होती, की पडद्यावर? आणि मोजणारा कोण, विकणाराच का? तिन्हींची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर पैसे जपून ठेवावेत. जाण्यायेण्याला आणि चांगल्या बुटांना ते लागतातच.

डोक्याची तालीम मात्र सोडायची नाही. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि पुढे क्रीडा मानसशास्त्राचे मार्गदर्शक झाले. नेमबाज अंजली भागवत, क्रिकेटपटू राहुल द्रविड यांच्यासारख्यांनी त्यांचा सल्ला घेतला. २०१७ मध्ये ते गेले. श्वासावर लक्ष, एकाग्रता, हे योगातलं धन त्यांनी खेळाडूंच्या हाती दिलं. त्याला चार्जर लागत नाही. सामन्याआधी पाच मिनिटं डोळे मिटून संथ श्वास घ्यावा आणि आपली चढाई मनात सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहावी, हे कुणालाही जमतं.

आणि झोप! शाळकरी खेळाडूला आठ ते दहा तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत 'बुद्धीचं ॲप' खेळून सकाळी सहाला मैदानावर गेलेलं मूल जांभया देत उभं राहतं. तेव्हा ॲप कुठलंही असो, ते जेवणाच्या आधी संपलं पाहिजे.

एक शेवटचं, आणि तेच मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नववी-दहावी आली की आपण मुलींचा सराव कमी करतो. "घरी बसून मोबाईलवर तरी कर" हा मग सोयीचा तोडगा वाटतो. पण खेळातल्या रचना ओळखायला हजारो चढाया पाहाव्या लागतात, त्यांत पडावं लागतं, पुन्हा उठावं लागतं. त्या चढाया मैदानावरच होतात. ॲप हे लोणच्यासारखं आहे. ताटात असलं तर गंमत येते, पण पोट भरायला भाकरीच लागते. मुलीच्या ताटातली भाकरी तेवढी काढून घेऊ नका.