पांदणीतली ट्रायथलॉन

2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना या टप्प्यात एका पदराचं 75 किलोमीटर डांबर 105 तास 33 मिनिटांत अंथरलं गेलं आणि गिनीजच्या पुस्तकात त्याची नोंद झाली. रस्ता उत्तम झाला, त्याबद्दल तक्रार नाही. पण तेव्हापासून आमच्या सायकलवाल्यांना त्या पट्ट्याखेरीज दुसरं काही दिसेनासं झालं आहे. रविवारी पहाटे हेल्मेटं चढवायची, मूर्तिजापूर गाठायचं, आलूबोंडा, चहा, फोटो, परत. यालाच ट्रायथलॉनची तयारी म्हणायची प्रथा पडली आहे. संपादकांनी आढावा मागितला तो बहुधा याच मंडळींच्या कौतुकासाठी. त्यांचंही लिहितो, पण लवकर आटोपतो.

सडकेवरच्या ट्रायथलॉनची, म्हणजे पोहणं, सायकल आणि धाव या सलग शर्यतीची, कथा आता शाळकरी पोरांनाही पाठ आहे. 1978 साली हवाईत पहिल्या आयर्नमॅनला पंधरा जण उतरले, बारा पोचले. 2000 साली सिडनीत हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला. 2019 मध्ये आयर्नमॅन 70.3 गोव्यात आली आणि आपल्याकडच्या डॉक्टर-इंजिनियर मंडळींची सोय झाली. पुण्याच्या कौस्तुभ राडकरांनी आयर्नमॅन पुऱ्या करण्याचा सपाटा लावला, इतरांनाही तयार केलं. नुसत्या सायकलीत पाहाल तर नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 साली जोडीनं अमेरिका ओलांडली. आणि आमच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ! 2017 ची रेस अक्रॉस अमेरिका, सुमारे 4,800 किलोमीटर, बारा दिवसांची मुदत. हा माणूस 11 दिवस 21 तासांत एकट्यानं पोचला. पुढच्याच वर्षी मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,100 किलोमीटर. विदर्भाच्या उन्हात भाजलेली हाडं काय करू शकतात ते त्यांनी जगाला दाखवलं. मात्र अमेरिकेच्या त्या शर्यतीत जिंकणाऱ्यालाही रोख बक्षीस नसतं, हे ध्यानात ठेवा. त्याकडे परत यायचं आहे.

आता माझ्या विषयाकडे. 1996 साली हवाईतल्याच माऊई बेटावर काही लोकांनी गुळगुळीत रस्ता सोडला. पोहणं समुद्रात, पण सायकल माउंटन बाइक, आणि धावणं जंगलातल्या पायवाटेनं. पुढे एक्सटेरा या नावानं ही शर्यत देशोदेशी गेली. साधारण मापं दीड किलोमीटर पोहणं, तीस किलोमीटर सायकल, दहा किलोमीटर धाव. आकडे वाचून आयर्नमॅनवाले हसतात. एकदा उतरून पाहा म्हणावं. सडकेवर एका लयीत पॅडल मारता येतं, मन भटकू देता येतं. कच्च्या वाटेवर यातलं काहीच चालत नाही. पोहून हात गळालेले असतात आणि त्याच हातांनी दगडगोट्यांच्या उतारावर हँडल धरून ठेवायचं असतं. सडकेच्या टायरात ऐंशी-नव्वद पौंड हवा, इथं वीस-पंचवीस, नाहीतर चाक गोट्यावरून उडतं. चढ खडा लागला तर उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं.

हा खेळ वयाला फार भीक घालत नाही, म्हणून तो मला जास्तच आवडतो. नेड ओव्हरेंड हा माउंटन बाइकचा पहिला अधिकृत जगज्जेता. तो इकडे वळला आणि 1998 व 1999 ची माऊईची स्पर्धा चाळिशी उलटल्यावर जिंकून गेला. दक्षिण आफ्रिकेचा कॉनराड स्टोल्ट्झ दोन ऑलिम्पिकं खेळलेला गडी, मातीतच रमला आणि चार वेळा जगज्जेता झाला. उलटी वाटही आहे. बर्म्युडाची फ्लोरा डफी मातीतल्या जगज्जेतेपदांची रांग लावत होती आणि तिनं 2021 मध्ये टोकियोत सडकेवरचं ऑलिम्पिक सुवर्णही घेतलं. तिच्या देशाचं ते पहिलंच सुवर्ण. बर्म्युडाची लोकसंख्या साठ-पासष्ट हजार, म्हणजे आमच्या अचलपूरपेक्षाही कमी. लोकसंख्येची सबब सांगणाऱ्या आमच्या क्रीडापुढाऱ्यांना हा हिशेब मी सभेत ऐकवत असतो. ते चहा मागवतात.

पण पोट कसं भरतं? इथं मला स्कॉटलंडची लेस्ली पॅटरसन आठवते. 2011 आणि 2012 ची एक्सटेरा जगज्जेती. रेमार्कच्या पहिल्या महायुद्धावरच्या कादंबरीचे चित्रपट-हक्क तिनं व तिच्या सहकाऱ्यानं 2006 मध्ये घेतले. हक्क हातात ठेवायला वरचेवर पैसे भरावे लागत आणि ते यायचे शर्यतींच्या बक्षिसांतून. एकदा कोस्टारिकात शर्यतीच्या आदल्या दिवशी खांदा मोडला. हक्काची मुदत तोंडावर आलेली. बाई एका हातानं पोहल्या, तशाच सायकल आणि धाव पुरी केली आणि जिंकल्या. त्या कादंबरीवरचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ 2022 मध्ये आला, त्याला चार ऑस्कर मिळाले. वाचायला ही गोष्ट रोमांचक आहे, पण तिच्यात या धंद्याचं खरं रूपही आहे. माऊईच्या जागतिक स्पर्धेत बरीच वर्षं एकूण बक्षीस एक लाख डॉलर असे, तेही बायका-पुरुषांना सारखं आणि वरच्या काही क्रमांकांत वाटलेलं. जगज्जेतेपदाच्या खाली उतरलात की विमानाचं तिकीट, सायकलची पेटी, टायर, मुक्काम यांतच कमाई जिरते. म्हणून हे लोक शिकवण्या घेतात, शिबिरं भरवतात, सायकल-कंपनीचं नाव छातीवर लावून हिंडतात.

‘आपल्याकडे खेळाला पैसा देणार कोण?’ असं अकोल्याचे एक जाणते गृहस्थ मला नेहमी विचारतात. साहेब, तळेगाव दशासरच्या शंकरपटाला, बैलजोड्यांच्या शर्यतीला, उभे राहा एकदा. न्यायालयानं 2023 मध्ये वाट मोकळी केल्यावर तिथं किती माणूस जमतं आणि इनामाची बोली कुठवर चढते ते पाहा. पहिलवानाला खुराक लावणारे शेठ आणि इनामी दंगलीला वर्गणी देणारं गाव वऱ्हाडात अजून आहे. इनामावर जगणारा खेळाडू ही आपल्याला नवी गोष्ट नाही. आपण त्याला फक्त मॅटवर आणि मातीच्या आखाड्यात ओळखतो, सायकलवर ओळखत नाही.

शरीराचं म्हणाल तर अमरावतीला कोणी शिकवायची गरज नाही. वैद्य बंधूंनी 1914 साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं आणि 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मंडळाच्या चमूनं तिथं देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. आमच्या पिढीतली पोरं पोहणं विहिरीत शिकली. पाठीला सुका भोपळा बांधायचा आणि काकानं मागून ढकलायचं. दुसऱ्या दिवशी भोपळा गायब. शाळेला जायचं तर पांदणीतून, म्हणजे शेतांमधल्या कच्च्या वाटेनं, कधी धुऱ्यावरून, ॲटलासच्या सायकलवर पिशवी अडकवून. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी भरायची की चाक फिरणं बंद, मग सायकल डोक्यावर. मेळघाटातली कोरकू मुलं तर चढावर बोलत बोलत पळतात. हे सगळं एकत्र केलं की मातीतली ट्रायथलॉन होते. त्यासाठी हवाईला जायला नको होतं.

आणि जमीन! परतवाड्याहून चिखलदऱ्याला सुमारे तीस किलोमीटरांत सहा-सातशे मीटर चढावं लागतं, वर गेल्यावर हवाच बदलते. 1803 च्या डिसेंबरात गाविलगड घेताना इंग्रजांच्या स्टीव्हन्सननं जड तोफा याच डोंगरांतून, वाट पाडत पाडत, किल्ल्याच्या उत्तरेला ओढून नेल्या होत्या. सायकल नेणं त्यामानानं सोपं. पायथ्याला सापनचं धरण आहे, अंजनगावकडे शहानूरचं आहे, तेल्हाऱ्याकडे वाणचं आहे. ‘वऱ्हाडात पाणी कुठं, पोहणार कुठं?’ हा पुण्या-मुंबईकडचा आवडता प्रश्न हिवाळ्यात इथं येऊन विचारावा.

व्याघ्रप्रकल्पाचं मला कोणी सांगू नये. मेळघाट 1974 पासून राखीव आहे आणि गाभ्यात शर्यत भरवा असं म्हणणारा मी नाही. वाघाच्या वाटेवर तीनशे सायकली सोडणं हा गाढवपणा आहे. पण पायथ्याच्या गावांच्या पांदणी, ओढे आणि माळ, पातूरकडच्या टेकड्या, हे कोणाच्या गाभ्यात येतात? तिकडे एकही संयोजक फिरकत नाही, कारण तिथं भोंगा लावलेली गाडी जात नाही आणि ड्रोनला झाडं आडवी येतात.

दरम्यान पांदणीही जात आहेत. सरकारी योजनांतून शेतरस्ते पक्के होत आहेत. शेतकऱ्याचा कापूस वेळेत घरी येतो, बैलाचे हाल कमी होतात, त्याला नाही कोण म्हणेल? मी तरी म्हणणार नाही. विहिरी मात्र बोअरनं संपवल्या. आज जिल्ह्यात पोहायला शिकलेलं पोर म्हणजे तरणतलावाची महिन्याची फी भरणाऱ्या बापाचं पोर. ट्रायथलॉनच्या तिनातला पहिला हिस्सा खेड्याच्या हातून असा निसटला आणि त्याची बातमी कुठं आली नाही. आमचा एक जुना विद्यार्थी, आता शिक्षक, परवा म्हणाला, ‘सर, चांगला रस्ता असताना तुम्ही वावरातून काहून जाता?’ त्याच्या सायकलची किंमत माझ्या पहिल्या घराएवढी आहे आणि तिच्या टायराला सराटा कसा लागतो हे तिनं अजून पाहिलेलं नाही.

ज्याला खरंच भरवायची असेल त्याच्यासाठी थोडं व्यवहाराचं. टायर ट्यूबलेसच, आत सीलंट, नाहीतर बाभळी आणि सराटे पहिल्याच पाच किलोमीटरांत निम्मं मैदान रिकामं करतील. पाण्यात होड्या आणि गावातलेच पट्टीचे पोहणारे, त्यांना मजुरी द्या, टी-शर्टावर भागवू नका. बक्षीस रोख आणि जाहीर, बाया-माणसांना सारखं. पहिल्या दहांना द्या, नुसत्या पहिल्याला नको, म्हणजे पुढच्या वर्षी दहाही परत येतील. शंकरपटवाल्यांना संयोजनात घ्या, वर्गणी आणि गर्दी या दोन्ही विद्या त्यांच्याकडे आहेत. आणि तारीख जानेवारीचीच ठेवा. दिवाळीच्या सुमाराला काळी माती चाक धरून ठेवते, आणि मार्च-एप्रिलात दुपारी पळवलंत तर अकोल्याची माणसं शर्यतीला न येता तुमच्या घरी येतील.