नडगीतला रॉड का तुटतो?

श्रीवर्धन-मुरूडच्या वाड्यांत नारळ-सुपारीच्या झाडावरून पडणं असो की मुंबई-गोवा महामार्गावरचा दुचाकीचा अपघात, नडगीचं हाड मोडलं की बहुधा त्याच्या पोकळीत रॉड घालतात आणि वर-खाली आडवे स्क्रू लावून तो अडकवतात. मग घरच्यांना वाटतं, आता पाय लोखंडाचा झाला. हा समज घातक आहे.

रॉड हा हाड जुळेपर्यंतचा टेकू. तार पुन्हा पुन्हा वाकवली की एका जागी तुटते, तसंच इथे घडतं. प्रत्येक पावलागणिक धातूवर ताण येतो. हाड वेळेत जुळलं तर भार त्याच्याकडे जातो. नाही जुळलं तर धातू थकतो. आधी बहुतेक बारीक आडवे स्क्रू तुटतात. नडगीचा पुढचा भाग नुसत्या कातडीखाली असतो, स्नायूंचं आवरण नाही, त्यामुळे उघड्या जखमेनंतर रक्तपुरवठा तोकडा पडतो आणि जुळणं रेंगाळतं. तंबाखू आणि मधुमेह त्यात भर घालतात.

किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने मात्र आतला रॉड गंजत नाही. शरीरातला द्रव मुळातच खारट असतो, म्हणून रॉडच्या पोलादात क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम मिसळतात. काही रॉड टायटॅनियमचे असतात.

तुटलेला प्रत्येक स्क्रू काढावाच लागतो असं नाही. हाड जुळलं असेल तर तो तसाच राहू शकतो. पण चालताना नव्याने दुखू लागलं, पाय वाकडा दिसला किंवा जखमेतून पाणी आलं, तर मालिश करून घेऊ नका. जुने एक्स-रे घेऊन अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा.