इंग्रजीच्या तासाला एकच प्रश्न : ‘कशावरून?’

शेतकरी बंधूंनो, घरातले दहावीचे पोरगे ‘शेतकऱ्याचे मनोगत’ हा निबंध कसा तयार करते, ते एकदा शेजारी बसून बघा. गाईड उघडते, पान काढते आणि पाठ करायला लागते. ज्याचे मनोगत लिहायचे तो बाप ओसरीवर खताच्या काळजीत बसलेला असतो. पण त्याला दोन गोष्टी विचाराव्यात असे काही पोराच्या मनात येत नाही. त्याची तरी काय चूक? मार्क मिळतात ते गाईडातल्या शेतकऱ्याला. तो शेतकरी कोंबडा आरवला की उठतो, सर्जा-राजाला हाक मारतो आणि काळ्या आईची सेवा करतो. सोसायटीचे कर्ज, रात्रीची वीज, बाजार समितीतला भाव यांपैकी काहीही त्याच्या वाटेला जात नाही.

मराठीचे हे, तर इंग्रजीचे विचारूच नका. तिथे भाषाच परकी, म्हणून पाठांतर दुप्पट. मग भाषेच्या तासाला मुलाने करायचे तरी काय?

अमेरिकेतल्या हायस्कूलमध्ये इंग्रजीचा तास कसा चालतो, हे या निमित्ताने समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजी ही तिकडे बहुतेकांची घरची भाषा. म्हणजे आपल्याकडे जो मराठीचा तास, तोच तिकडे इंग्रजीचा. हायस्कूल साधारण नववी ते बारावी. या तासाला मुख्य कामे दोन. नावाजलेली जुनी पुस्तके पुरी वाचायची आणि त्यांवर निबंध लिहून तो पुन्हा पुन्हा सुधारायचा. यातले दुसरे काम आपल्या उपयोगाचे आहे. पण आधी पुस्तकाकडे बघू, कारण ते आपल्याच धंद्याचे आहे.

मळ्यावरच्या मजुरांची गोष्ट

तिकडच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेलेले एक छोटे पुस्तक म्हणजे जॉन स्टाइनबेक यांची ‘ऑफ माइस अँड मेन’ ही १९३७ सालची कादंबरी. स्टाइनबेक यांचा जन्म १९०२ साली कॅलिफोर्नियातल्या सॅलिनस गावी झाला. सगळा मुलूख शेतीचा. जवळच स्प्रेकल्सचा बीटापासून साखर काढणारा मोठा कारखाना. तरुणपणी स्टाइनबेक यांनी त्या कारखान्यात आणि त्याच्या मळ्यांवर काम केले होते. मजुरांचे जिणे त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे १९६२ साली त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

गोष्ट साधी आहे. जॉर्ज आणि लेनी हे दोन मजूर मळ्यामागून मळे बदलत पोटासाठी हिंडतात. लेनी अंगाने दांडगा, पण बुद्धीने लहान मूल. दोघांचे स्वप्न एकच : दहा एकरांचा स्वतःचा तुकडा घ्यायचा, कोंबड्या-ससे पाळायचे आणि कुणाची चाकरी करायची नाही. किंमत सहाशे डॉलर. गाठीला जेमतेम दहा. मळ्यावर कँडी नावाचा म्हातारा झाडूवाला असतो. याच मळ्यावर त्याचा एक हात गेलेला. त्याची भरपाई म्हणून त्याला अडीचशे डॉलर मिळालेले. दोघांचे बोलणे ऐकून तो आपली सगळी पुंजी पुढे करतो. शेवटी स्वप्न मोडते, तेही फार वाईट रीतीने. ऊसतोडीच्या टोळ्या ज्यांनी जवळून पाहिल्या आहेत, त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

समासातला प्रश्न

आता निबंधाकडे या. प्रश्न येतो : ‘कँडीला जमीन का हवी असते?’ वर्गात काय घडते ते एक उदाहरण घेऊन बघू.

समजा, एका मुलीने कच्च्या खर्ड्यात लिहिले : ‘कँडी हा गरीब म्हातारा आहे. त्याला शेतीची आवड आहे, म्हणून त्याला जमीन हवी असते. त्याची कथा अत्यंत हृदयद्रावक आहे.’ आपल्याकडे याला दहापैकी सात मार्क पडतील आणि वही बंद होईल. तिकडच्या मास्तरीणबाई मार्क देत नाहीत. समासात एक प्रश्न लिहून वही परत देतात : ‘आवड आहे, कशावरून?’

मुलगी पुन्हा पुस्तक उघडते. कँडीचा हात गेला, तेव्हापासून तो झाडलोटीवर आला. त्याचे म्हातारे कुत्रे निरुपयोगी झाले म्हणून इतरांनी गोळी घालून मारले. उद्या आपलीही अशीच गत होणार, ही धास्ती त्याने घेतली आहे. आपला वाटा दोघांच्या नावे मृत्युपत्रात लिहून द्यायलाही तो तयार होतो. आता ती दुसरा खर्डा लिहिते : ‘कँडीला पीक काढायचे नाही. आपल्याला कुणी हाकलू नये, एवढेच त्याला हवे आहे.’ प्रत्येक वाक्यामागे पुस्तकातला दाखला आणि पान नंबर.

मग वह्यांची अदलाबदल होते. शेजारचा मुलगा वाचतो आणि अडवतो : ‘पण तो तर स्वयंपाक करीन, कोंबड्या बघीन, बागेत खुरपीन असं म्हणतो. मग काम नको असं कसं?’ मुलगी अडली. मुलाचे म्हणणे खरे आहे. तिसऱ्या खर्ड्यात ती लिहिते : ‘कँडीला काम हवेच आहे. पण हात थकले की हाकलून देतील, ही भीती नसलेले काम त्याला हवे आहे. जमीन हे त्या निर्धास्तपणाचे नाव आहे.’

बघा, पहिल्या आणि तिसऱ्या खर्ड्यात शब्द किती बदलले हा मुद्दा नाही. मुलीचा विचार बदलला. आणि तो कुणी सांगितला म्हणून बदलला नाही, दाखला समोर आला म्हणून बदलला. एका नांगरटीत रान तयार होत नाही, कुळवाच्या पाळ्या द्याव्या लागतात, तसेच हे आहे.

खाडाखोड म्हणजे फेरलेखन नव्हे

ही पद्धत तिकडेही पूर्वापार नव्हती. १९७१ साली जॅनेट एमिग या अभ्यासक बाईंनी बारावीच्या आठ मुलांना समोर बसवून, लिहिताना मनात येईल ते मोठ्याने बोलायला सांगितले. त्यातून दिसले की शाळेने दिलेला निबंध मुले आपण होऊन पुन्हा लिहीत नाहीत. १९७४ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक उपक्रम सुरू झाला. त्यात वर्गावर शिकवणारे शिक्षकच एकत्र येऊन स्वतः लिहू लागले आणि दुसऱ्या शिक्षकांना शिकवू लागले. पुढे तो देशभर पसरला.

१९८० साली नॅन्सी सॉमर्स यांनी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची वीस मुले आणि वीस मुरलेले लिहिणारे यांची तुलना केली. मुलांना फेरलेखन म्हणजे शब्द बदलणे वाटत होते. हा शब्द दोनदा आला, काढा; तो साधा आहे, भारी घाला. मुरलेले लोक मात्र आधी विचारत होते : माझे म्हणणे काय, आणि ते उभे राहते का? शुद्धलेखन त्यांनी शेवटी ठेवले होते. आपल्या वह्या आठवा. लाल शाईच्या खुणा बहुतेक ऱ्हस्व-दीर्घावर असतात. म्हणणे पटले की नाही, यावर खूण क्वचितच दिसते.

लेखकालाही सुटका नाही

मुलांना वाटते, मोठा लेखक एका बैठकीत लिहून मोकळा होतो. तसे नसते. ‘ऑफ माइस अँड मेन’ लिहिताना १९३६ साली स्टाइनबेक यांच्या कुत्र्याने एका रात्रीत जवळपास अर्ध्या हस्तलिखिताच्या चिंध्या केल्या. दोन महिन्यांचे काम पुन्हा करावे लागले. हा झाला अपघात. पुढची गोष्ट जाणूनबुजून केलेली आहे.

तेव्हा दुष्काळाने, धुळीच्या वादळांनी आणि कर्जाने ओक्लाहोमाकडची कुटुंबे जमिनी सोडून कॅलिफोर्नियात मजुरीला येत होती. स्टाइनबेक यांनी त्यांच्या छावण्या पाहून १९३६ साली वर्तमानपत्रात लेखमाला लिहिली. मग त्याच अंगाने एक उपहासाची कादंबरी लिहिली, पण १९३८ साली ती स्वतःच नष्ट केली. कारण ती वाचून राग येईल, पण माणसे समजणार नाहीत, असे त्यांना वाटले. मे अखेरीस नव्याने सुरुवात करून ऑक्टोबरात त्यांनी दुसरीच कादंबरी पुरी केली. तीच १९३९ ची ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’. तिला १९४० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

पदाधिकारी मंडळींनी पुढचेही लक्षात ठेवावे. ज्या कर्न काउंटीत या कादंबरीतले बरेच काही घडते, तिथल्या कारभारी मंडळाने, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारख्या सभेने, ऑगस्ट १९३९ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी शाळांत आणि वाचनालयांत या पुस्तकाला बंदी केली. बड्या मळेवाल्यांच्या संघटनेचा त्याला पाठिंबा होता. ग्रंथपाल ग्रेचेन नीफ यांनी त्याच मंडळाला पत्र लिहून विरोध नोंदवला. जानेवारी १९४१ मध्ये बंदी उठली. पुस्तक मात्र आजही वाचले जाते.

गाईड तिकडेही आहे

अमेरिकेत सगळे आलबेल आहे असे कुणी समजू नये. नेब्रास्का या शेतीच्या राज्यात क्लिफ हिलेगास यांनी १९५८ साली शेक्सपिअरच्या सोळा नाटकांची गाईडे काढली आणि त्यांचा खप तुफान झाला. पुस्तक न वाचता गाईडावर निभावणारी पोरे तिकडेही आहेत. निबंधाचा ठरीव साचा, म्हणजे सुरुवात, तीन मुद्दे आणि समारोप, तिकडेही घोकून घेतला जातो. आता तर मोबाईलला सांगितले की आयता निबंध हातात येतो, तिकडे आणि इकडेही.

पण म्हणूनच कच्च्या खर्ड्यांना किंमत आली आहे. शेवटचा निबंध विकत किंवा आयता मिळेल. पहिल्या खर्ड्यात मी काय म्हणालो, कुणी अडवले, मग मी काय बदलले, हे आयते मिळाले तरी ‘कशावरून?’ या प्रश्नाला तोंडी उत्तर देताना पोराला स्वतःच उभे राहावे लागते.

आपल्या शाळेत काय करता येईल?

आपल्या शिक्षकांची अडचण खरी आहे. वर्गात साठ-साठ मुले, त्यात परीक्षेचे ओझे. पण यासाठी ना खर्च लागतो, ना सरकारी आदेश. पालक सभेत एवढे सुचवून बघा :

* सातवी-आठवीपासून महिन्याला एकच निबंध घ्यावा, तोही एका पानाचा. पण तो दोनदा लिहून घ्यावा. पहिल्या खर्ड्याला मार्क नकोत.
* मुलांनी वह्या बदलून एकमेकांना तीन प्रश्न विचारावेत : तुझे म्हणणे काय? कशावरून? याच्या उलट कुणी काय म्हणेल?
* ‘शेतकऱ्याचे मनोगत’ लिहायचे तर आधी घरच्या शेतकऱ्याला पाच प्रश्न विचारून यावेत. इंग्रजीतही तीच माहिती मोडक्यातोडक्या वाक्यांत चालेल. सुधारायला दुसरा खर्डा आहेच.
* गावच्या वाचनालयात शेतकऱ्यावरची जुनी पुस्तके ठेवावीत. महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला आणि लोकांना तो वाचूनही दाखवला. आपल्या मुलांनी तो पुरा वाचून त्यावर वाद घालावा.

याचा उपयोग मार्कांपुरता नाही. गावचा कारभार शेवटी कागदावर चालतो. ‘अतिवृष्टीने अतोनात नुकसान झाले, तरी मदत मिळावी ही विनंती’ असा अर्ज आणि गट नंबर, पीक, क्षेत्र, पाऊस पडल्याची तारीख, पाणी किती दिवस साचले हे सांगणारा अर्ज, यांत काय फरक आहे, ते तलाठ्याला विचारा. ग्रामसभेचा ठराव असो, नाहीतर पंचनाम्यावर घ्यायची हरकत असो, समोरचा साहेब पहिला प्रश्न तोच विचारतो जो त्या मास्तरीणबाईंनी समासात लिहिला. त्या वेळी गाईड कामाला येत नाही.

तेव्हा आज संध्याकाळी पोराने निबंधाची वही उघडली की एवढे करा. वही हातात घ्या. वाचता येत नसेल तर त्यालाच वाचून दाखवायला सांगा. आणि गाईडातला शेतकरी आनंदाने मोट हाकायला लागला की विचारा, ‘बाळा, हे कशावरून?’