मागून येणाऱ्याचा धर्म

शर्यत म्हटली की पुढे जाणाऱ्याचे कौतुक ओघानेच येते. मागे पडलेल्याची विचारपूस करण्याचा प्रघात नाही. विदर्भातील शंकरपटाला हे एक वेळ शोभून दिसते. तेथे जोडीचा खरा प्रतिस्पर्धी घड्याळ असते, निकाल सेकंदाच्या अंशावर लागतो, आणि पुढे धावणाऱ्या जोडीला तिच्याच वाटेत गाठून मागे टाकण्याचा प्रसंग सहसा येत नाही. डोंगरातील सायकल शर्यतीची गोष्ट मात्र निराळी आहे. तीत स्वार एकदम सुटतात आणि थोड्याच अंतरावर हातभर रुंदीच्या पायवाटेत शिरतात. एका अंगाला दगडधोंडे, दुसऱ्या अंगाला उतार, आणि पाठीशी धापा टाकीत आलेला कोणी अधिक वेगवान. त्याला वाट द्यावयाची काय, द्यावयाची तर कोठे, आणि त्याने ती मागावयाची कशी, हा प्रश्न अशा ठिकाणी केवळ सभ्यतेचा राहत नाही. हाडे शाबूत राहण्याचा होतो.

यवतमाळ जिल्ह्याला हा विषय दूरचा वाटण्याचे कारण नाही. यवतमाळचे पठार, त्याच्या कडेने उतरणारे घाट, पुसद-उमरखेडकडील टेकड्या ही भूमी या खेळासाठीच घडविली असावी अशी आहे. जाड धावांच्या, गिअरच्या सायकली तालुक्याच्या गावीही आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. उद्या कोणी हौशी मंडळाने शर्यत भरविली तर अंतर, पारितोषिक आणि पाहुणे यांचा विचार आधी होईल. पुढे काढण्याच्या रीतीचा विचार बहुधा पहिला स्वार पडल्यानंतर होईल.

हा खेळ १९९६ साली अटलांटा येथे ऑलिम्पिकमध्ये आला. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत स्वाराने सभ्यतेने वागावे आणि अधिक वेगवान स्वाराला अडथळा न करता पुढे जाऊ द्यावे, अशी अपेक्षा आहे. नियम थोडक्यात आहे. घोटाळा त्याच्या अर्थात आहे. एका फेरीने मागे पडलेल्याने आघाडीच्या स्वाराला वाट द्यावी, हे उघड आहे. परंतु क्रमांकासाठी झुंजणाऱ्या दोघांपैकी पुढच्याने आपली जागा आपण होऊन सोडावी, असे कोणी म्हणणार नाही. त्याने आपली रेषा धरून चालावे आणि मागच्याने ती भेदण्याची जागा शोधावी, यातच शर्यतीचा जीव आहे.

२९ जुलै २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये एलांकूरच्या टेकडीवर नेमका हाच पेच उभा राहिला. ब्रिटनचा टॉम पिडकॉक चाक पंक्चर होऊन मागे पडला होता. त्याने फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्स्कीला पुन्हा गाठले. शेवटच्या फेरीत, झाडीत, वाट एका झाडाच्या दोन अंगांनी फुटत होती तेथे त्याने दुसरी बाजू धरून मुसंडी मारली. दोघांचा स्पर्श झाला, कोरेत्स्कीची लय मोडली आणि पिडकॉक सुवर्णपदक घेऊन गेला. यजमान प्रेक्षकांनी विजेत्याची हुर्यो केली. नियमाच्या दृष्टीने पाहता तेथे दोन वाटा होत्या, एक मोकळी होती आणि तो तीत शिरला. आमच्या मते त्याला दोष देता येत नाही. तथापि ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीतील दोन कसलेल्या स्वारांचा दाखला गावच्या पोरांनी गिरवावा असा नव्हे.

कारण सोपे आहे. पुढच्याला पाठीला डोळे नसतात. उतारावर त्याचे दोन्ही हात ब्रेकवर आणि नजर दगडांवर खिळलेली असते; मान वळविली की तोल गेलाच. मागच्याला मात्र वाट दिसते आणि माणूसही दिसतो. म्हणून पुढे काढण्याची जबाबदारी अधिककरून मागून येणाऱ्याची. ‘उजवीकडून येतो’ ही हाक त्याने चाकाला चाक भिडल्यावर नव्हे, तर बरीच आधी द्यावी. वाट रुंदावेपर्यंत चार-दोन क्षण थांबण्याची त्याची तयारी हवी. पुढच्याने एवढेच करावे की दचकून भलतीकडे वळू नये, आणि वाट द्यावयाची तर ती एका बाजूला स्पष्टपणे द्यावी. मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली झालेल्या रस्त्यांच्या नियमावलीतही ओलांडला जात असता वेग वाढवू नये आणि अरुंद घाटात चढणाऱ्याला अग्रक्रम द्यावा, असे सांगितले होते. आपल्या घाटांतून एस.टी.ने प्रवास करणाऱ्यांना ते कितपत पाळले जाते हे ठाऊक आहेच!

मोठ्या स्पर्धांनी या अडचणीतून आणखी एक वाट काढली आहे. आघाडीच्या स्वाराला पहिल्या फेरीस लागलेल्या वेळेच्या ८० टक्के इतका जो मागे पडेल, त्याला शर्यतीबाहेर काढतात. पुढच्यांची वाट मोकळी राहते, हे खरे. पण साध्या सायकलीवर, उसन्या शिरस्त्राणानिशी आलेल्या मुलाला दुसऱ्याच फेरीत खाली उतरविले तर तो पुढच्या वर्षी येणार नाही. आपल्याकडे त्याऐवजी फेऱ्या कमी ठेवाव्यात, स्वारांना वेगाच्या अंदाजाने तुकड्या-तुकड्यांनी सोडावे, आणि शर्यतीच्या आदल्या दिवशी त्याच वाटेवर हाक देण्याचा व वाट देण्याचा सराव करून घ्यावा. याला फारसा खर्च येत नाही.

आणि या वाटा केवळ स्वारांच्या नसतात, हे आयोजकांनी विसरू नये. कापसाची भरली गाडी पांदणीत समोर आली की रिकाम्या गाडीचा धनी आपले बैल बांधाकडे घेतो. हे त्याला पुस्तकातून कळलेले नसते. त्याच पांदणीतून शर्यत न्यावयाची तर डोक्यावर मोळी घेतलेल्या बाईने किंवा गुराख्याने बाजूला व्हावे, अशी अपेक्षा धरता येणार नाही. तेथे स्वारानेच पाय टेकावेत, आणि थांबलेला वेळ पंचांनी त्याच्या खात्यातून वजा करावा. शर्यतीची वेळही गुरे रानात जाण्याच्या आणि परतण्याच्या वेळा टाळून ठरवावी.