दिवसातून एक लाख आठ हजार वेळा

मिनिटाला ७५ ठोके धरले, तर हृदय दिवसाला १,०८,००० आणि वर्षाला ३ कोटी ९४ लाख वेळा आकुंचन पावतं. सत्तरी गाठेपर्यंत हा हिशेब २७५ कोटींच्या वर जातो. दर ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला साडेसात हजार लिटर रक्त पुढे ढकललं जातं. उन्हाळ्यात गावोगाव फिरणारा १०,००० लिटरचा टँकर ३२ तासांत भरेल, एवढं हे काम. रक्त मागे फिरू नये म्हणून चार झडपा प्रत्येक ठोक्याला एकदा उघडतात, एकदा मिटतात. त्यांची पाकळी सहसा एक मिलिमीटरही जाड नसते.

ज्याची झडप बिघडली आहे, त्याचं आयुष्य मात्र फार लहान आकड्यांवर चालतं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप निरोगी असेल तर ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते. पाकळ्या चिकटून ती दीडवर आली की आजार गंभीर समजतात. एक चौरस सेंटिमीटरवर आलेली माणसंही घर सांभाळत असतात, शेतात जात असतात. बसल्या जागी त्यांना फारसं काही होत नाही. जिना चढला, भरलेली कळशी उचलली, की धाप लागते.

याचं कारण सेकंदाच्या अंशांत आहे. ७५च्या गतीला एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतात. त्यातले सुमारे ०.३ आकुंचनाचे आणि ०.५ खालचा कप्पा भरण्याचे. गती १५० झाली की सगळे मिळून ०.४ सेकंद उरतात. आकुंचनाचा वेळ थोडाच घटतो, कात्री लागते ती भरण्याच्या वेळेला. तो ०.२ सेकंदांच्याही खाली येतो. रुंद झडपेतून तेवढ्या वेळात रक्त उतरतं, अरुंद झडपेतून उतरत नाही. ते मागे फुप्फुसांत तुंबतं.

गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि नाडी मिनिटाला १० ते २० ठोक्यांनी चढते. म्हणून कित्येक तरुण बायकांचा झडपेचा आजार पहिल्यांदा उघडकीस येतो तो गरोदरपणात. घरातले म्हणतात, या दिवसांत दम लागतोच. लागतोही. पण आडवं झोपता येत नसेल, रात्री गुदमरून उठून बसावं लागत असेल, तर तिचा इको त्याच आठवड्यात व्हायला हवा. यात मला जराही सवलत द्यावीशी वाटत नाही.

तुंबलेल्या रक्ताने वरचा कप्पा वर्षानुवर्षं ताणला जातो आणि एक दिवस त्याची लय सुटते. या लयबिघाडाला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. वरच्या कप्प्यात मिनिटाला ३५० ते ६०० विद्युतलहरी उठतात. दोन कप्प्यांच्या मधलं केंद्र त्यातल्या बहुतेक अडवतं, तरी १०० ते १७५ खाली पोचतात आणि त्याही वेड्यावाकड्या अंतराने. पेशंट सांगतो, छातीत धडधडतंय, ठोका चुकतोय. वरचा कप्पा आता आकुंचन पावत नाही, नुसता थरथरतो. त्याच्या कोपऱ्यात रक्त साकळतं, गुठळी होते आणि ती मेंदूकडे जाऊ शकते. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या दीर्घ अभ्यासात १९७८ साली हे प्रमाण मांडलं गेलं. नुसत्या एट्रियल फिब्रिलेशनमध्ये पक्षाघाताचा धोका पाचपटीहून जास्त, जोडीला संधिवाताच्या तापाने खराब झालेली झडप असेल तर सतरापटीहून जास्त.

प्रत्येक धडधड अशी नसते, हेही सांगितलं पाहिजे. निरोगी माणसाच्याही हृदयात दिवसभरात काही जादा ठोके पडतात आणि बहुधा काही बिघडत नाही. एकूण ठोक्यांच्या दहा टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसाला दहा हजारांवर गेले, तर स्नायू कमजोर होण्याची भीती असते. अडचण आहे ती मोजण्यात. नेहमीचा ईसीजी दहा सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००, म्हणजे त्याने पाहिला तो दिवसाचा ८,६४०वा भाग. अधूनमधून येणारी धडधड त्यात सापडली नाही, म्हणून ती मनाची समजूत ठरत नाही. त्यासाठी २४ तास ठोके नोंदवणारा होल्टर लावतात. नॉर्मन होल्टर यांचं सुरुवातीचं यंत्र सुमारे ३८ किलोचं होतं आणि पाठीवर बांधून वागवावं लागे. आज ते खिशात मावतं.

गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी येते आणि तिच्यासोबत आयएनआर नावाचा आकडा आयुष्यात येतो. निरोगी माणसाचा साधारण १. या पेशंटचा २ ते ३च्या मध्ये राहायला हवा, मायट्रलच्या जागी धातूची झडप असेल तर अडीच ते साडेतीन. खाली घसरला तर गुठळीचा धोका, फार वर गेला तर रक्तस्रावाचा. पालक-मेथीने हा आकडा हलतो, पण त्या सोडायची गरज नाही, प्रमाण रोज सारखं ठेवायचं. नव्या गोळ्यांना ही तपासणी लागत नाही, म्हणून पुष्कळजण मनानेच बदल करू पाहतात. कृपा करून तसं करू नका. २०२२ साली २४ देशांतल्या साडेचार हजारांवर पेशंटांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. संधिवाताच्या तापाने झडप खराब झालेल्यांमध्ये जुनीच गोळी सरस ठरली, तिच्यावर मृत्यू कमी झाले.

झडप बदलायची वेळ आली, तर धातूच्या झडपेलाही तेच दिवसाचे लाखभर ठोके सोसावे लागतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिली भारतीय झडप घडवली. आधीचे नमुने अपयशी ठरले. अखेर प्लॅस्टिकची टणक तबकडी असलेला नमुना टिकला आणि डिसेंबर १९९०मध्ये पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसला. अशा झडपा आजवर एक लाखाहून जास्त बसवल्या गेल्या आहेत. शांत खोलीत स्वतःच्या झडपेची टिकटिक ऐकू येते, असं धातूची झडप बसवलेले पुष्कळ लोक सांगतात.

हे सगळं सुरू होतं घशात. पाच ते पंधरा वयाच्या मुलाचा घसा स्ट्रेप्टोकोकस जंतूने सुजतो, बरा होतो. दोनतीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येतो, दुखणं गुडघ्यातून घोट्यात फिरतं. शरीराची प्रतिकारशक्ती जंतूवर उठलेली असताना झडपांवरही तुटून पडते. असे ताप पुन्हापुन्हा आले की पाकळ्या जाड होतात, चिकटतात, आणि भारतात तर हे विशीच्या आतही घडताना दिसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात साडेपाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि वर्षाला ३ लाख ६० हजार त्यात दगावतात.

पुढचे ताप अडवणारं औषध जुनं आणि स्वस्त आहे, बेंझाथिन पेनिसिलिन. मोठ्या मुलाला १२ लाख युनिट, दर २१ दिवसांनी, कमरेखाली खोल टोचलेलं. दुखतं, मुलं टाळतात. झडपेला इजा झालेली असेल तर ते चाळिशीपर्यंत किंवा त्याहूनही पुढे घ्यावं लागतं. दहाव्या वर्षी सुरुवात केली तर वर्षाला सतरा-अठरा, तीस वर्षांत सुमारे ५२० सुया. तीनचार आठवडे उलटले की रक्तातलं औषध संपत येतं आणि मूल पुन्हा उघडं पडतं. त्यामुळे वार्षिक परीक्षा, लग्नसराई, गावची जत्रा, काहीही असो, तारीख पुढे ढकलता येत नाही. परगावी जायचं असेल तर तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध आहे का, हे निघण्याआधी फोन करून विचारावं आणि मुलाचं सुयांच्या नोंदीचं कार्ड सोबत न्यावं.