ध्वनीचा समतोल : विवर्धकांच्या लाभाची जुळणी

घरी मोठ्या पडद्यावर चित्रपट पाहणाऱ्यास एक अनुभव वारंवार येतो. पात्रांचे संवाद पुटपुटल्यासारखे वाटतात, म्हणून तो आवाज वाढवितो. तोच पडद्यावर स्फोट होतो आणि सारे घर दणाणून जाते. हा दोष दरवेळी चित्रपटाचाच असतो असे नाही. पुष्कळदा निरनिराळ्या लाउडस्पीकरांना मिळणाऱ्या विद्युत्-संकेतांचे परस्परांतील प्रमाण बिघडलेले असते.

१९९२ साली चित्रपटगृहांत आलेली डॉल्बी डिजिटल पद्धती पुढे घरोघरी पोचली. तिच्या पूर्ण स्वरूपात सहा ध्वनिमार्ग असतात. समोर डावा, मधला व उजवा असे तीन, श्रोत्याच्या दोन्ही बाजूंस दोन आणि केवळ खर्जाच्या ध्वनीसाठी सहावा. संवादांचा बहुतेक भार मधल्या मार्गावर असतो.

अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे विवर्धक. आत आलेला विद्युत्-दाब बाहेर पडताना किती पट होतो, यास त्याचा लाभ म्हणतात. तो डेसिबेलमध्ये मोजतात. वीस पट लाभ म्हणजे सुमारे २६ डेसिबेल आणि चाळीस पट म्हणजे सुमारे ३२. हे दोन विवर्धक एकाच घरात वापरले, तर तोच संकेत मिळूनही दुसरा आपल्या लाउडस्पीकरास दुप्पट दाब व चौपट शक्ती पुरवील.

लाभ आणि शक्ती या मात्र भिन्न गोष्टी होत. ५० वॅटच्या व २०० वॅटच्या विवर्धकांचा लाभ अगदी सारखा असू शकतो. मोठ्या विवर्धकाची मर्यादा उशिरा येते, एवढेच. लाभ फार ठेवला, तर संकेताबरोबर खरखरही वाढते. फार कमी ठेवला, तर आधीच्या यंत्रावर ताण पडून ध्वनितरंगांचे माथे छाटले जातात व आवाज फाटतो.

लाभ जुळला तरी काम संपत नाही. समान शक्ती दिली असता सर्व लाउडस्पीकर सारखाच ध्वनी देत नाहीत. शिवाय मोकळ्या जागी अंतर दुप्पट होताच पातळी ६ डेसिबेलने उतरते. खोलीत भिंतींवरून येणाऱ्या परावर्तनामुळे ही घट काहीशी कमी असते. म्हणून अखेरचे माप श्रोत्याच्या आसनापाशीच घ्यावे लागते. ध्वनिमापक कानाच्या उंचीवर ठेवून प्रत्येक मार्गातून क्रमाक्रमाने सारखाच चाचणी-ध्वनी सोडतात. मग सर्वांचे वाचन एक होईपर्यंत, बहुधा ७५ डेसिबेलवर, प्रत्येक मार्गाची पातळी कमीअधिक करतात.

ही खटपट केवळ हौसेची नाही. मधला मार्ग ६ डेसिबेल मंद असेल, तर संवाद ऐकण्यासाठी प्रेक्षक सर्वच मार्ग तितके चढवितो. कानांवर पडणारी इतर मार्गांची ध्वनिऊर्जा त्यामुळे चौपट होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी सरासरी ८० डेसिबेलचा ध्वनी आठवड्यातून ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो. त्याच हिशेबाने ८६ डेसिबेलसाठी केवळ १० तास उरतात. गेलेली श्रवणशक्ती बहुधा परत येत नाही. बिघडलेला समतोल मात्र थोड्या मिनिटांच्या मोजणीने सुधारता येतो.