अधीक्षकाची खुर्ची आणि कोठडीची किल्ली

कऱ्हाड, विटा, तासगाव किंवा सातारा यांपैकी कोणत्याही गावच्या अभ्यासिकेत डोकावले, तर स्पर्धा परीक्षेची पुस्तके पुढ्यात घेऊन बसलेली शेतकऱ्यांची, शिक्षकांची, कारकुनांची मुले-मुली दिसतात. त्यांतील अनेकांच्या मनात एकच चित्र असते : खाकी गणवेश, खांद्यावरील अशोकस्तंभ आणि जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकाची खुर्ची. या आकांक्षेला नावे ठेवण्याचे कारण नाही. शिराळा तालुक्यातील कोकरूडसारख्या खेड्यातून निघालेले विश्वास नांगरे-पाटील १९९७ च्या तुकडीतून भारतीय पोलीस सेवेत गेले आणि पुढे सातारा-सांगली ज्यात मोडतात त्या कोल्हापूर परिक्षेत्राचे विशेष पोलीस महानिरीक्षक झाले. हे उदाहरण मुलांच्या डोळ्यांपुढे आहे. प्रश्न आकांक्षेचा नाही. खुर्ची मिळाल्यावर तिचे करावयाचे काय, याचा आहे.

पहिला निर्णय वाटेचा. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भारतीय पोलीस सेवेत जाणाऱ्याला तरुण वयातच जिल्हा हाती येतो. मात्र तो जिल्हा महाराष्ट्रातलाच असेल, याची शाश्वती नसते. राज्य आयोगामार्फत उपअधीक्षक किंवा फौजदार होणाऱ्याची चढण लांब असते, परंतु पोलीस ठाण्याचे अंतरंग त्याला आधी कळते. भारतीय पोलीस सेवेतील वरिष्ठ पदांपैकी एक तृतीयांशापर्यंत जागा राज्य सेवेतील अधिकाऱ्यांच्या बढतीने भरण्याची तरतूद आहे. तेव्हा दुसरी वाट अगदीच बंद नाही. पहिल्या वाटेने येणाऱ्याला अधिकार आधी मिळतो आणि अनुभव मागाहून. हे ज्याला उमगले, तो जुन्या हवालदाराचे ऐकून घेण्यात कमीपणा मानीत नाही.

ऐकून घेण्याची ही गोष्ट सौजन्यापुरती नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर हाती केवळ काठी असताना तुकाराम ओंबळे यांनी अजमल कसाबच्या बंदुकीची नळी छातीशी धरली आणि तो जिवंत हाती लागला. ओंबळे हे सातारा जिल्ह्यातील जावळी तालुक्याच्या केडंबे गावचे. पद सहायक फौजदाराचे. त्याच रात्री कामा रुग्णालयाजवळ अशोक कामटे धारातीर्थी पडले. ते मुंबईत अतिरिक्त पोलीस आयुक्त होते आणि त्यापूर्वी सांगलीचे अधीक्षक राहिले होते. २००९ मध्ये दोघांनाही मरणोत्तर अशोकचक्र देण्यात आले. पदांच्या उतरंडीत त्यांच्यात केवढे अंतर होते. सन्मानात मात्र ते उरले नाही. पोलीस दलाची अब्रू वरिष्ठांच्या भाषणांवर ठरत नाही, हुकूम देणारा जवळ नसताना तळचा माणूस काय करतो यावर ती ठरते.

याच सत्याची दुसरी, काळी बाजू सांगलीने पाहिली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात अटकेतील एका तरुणाचा मारहाणीत मृत्यू झाला, मृतदेह आंबोलीला नेऊन जाळण्यात आला आणि आरोपी पळून गेल्याचा बनाव रचण्यात आला, असा गुन्हा पोलिसांवरच दाखल झाला. शहर संतापले, जिल्ह्यातील वरिष्ठांच्या बदल्या झाल्या. अधीक्षक त्या खोलीत नव्हते, हे खरे. परंतु ओंबळे यांच्या पराक्रमाने ज्या दलाची मान उंचावते, त्याच दलाची मान कोठडीतील मृत्यूने खाली जाते. श्रेय घ्यावयाचे आणि जबाबदारी टाळावयाची, असा हिशेब येथे चालत नाही.

कायदा अपुरा आहे, अशीही सबब नाही. अटक केलेल्या इसमास चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे केले पाहिजे, हे राज्यघटनाच सांगते. अटकेसंबंधी काटेकोर नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात घालून दिले. पोलीस ठाण्यांत कॅमेरे बसविण्याचा आदेश त्याच न्यायालयाने २०२० मध्ये दिला. परंतु कॅमेरा बंद पडला की तो दुरुस्त झाला काय, हे विचारणारा माणूस लागतो. न कळविता रात्री ठाण्यात जाऊन स्टेशन डायरी उघडणारा, कोठडीतील माणसाशी स्वतः बोलणारा अधीक्षक जिल्ह्यात असेल, तर ठाणे अंमलदाराची लेखणीही जपून चालते. परीक्षेच्या कोणत्याही पुस्तकात ही सवय शिकविली जात नाही.

दुसरा निर्णय याहून अवघड : 'नाही' म्हणण्याचा. निरपराधाला गुंतविण्यासाठी किंवा गुन्हेगाराला सोडविण्यासाठी दूरध्वनी येतो, आणि मागे बदलीची छाया उभी असते. प्रकाशसिंग खटल्यातील २००६ च्या निकालाने जिल्हा अधीक्षकाला किमान दोन वर्षांची मुदत मिळावी, असा आदेश दिला. तो याच छायेवर उपाय म्हणून. पण मुदतीचे संरक्षण कागदावर मिळते. कण्याचे संरक्षण ज्याचे त्याने करावयाचे असते. बदलीला भिणारा अधिकारी दोन वर्षे टिकेल. त्याच्या हाताखालच्या माणसांना मात्र तो कशाला भितो, हे दोन दिवसांत कळेल.

सातारा-सांगलीच्या तरुणांना हे परके वाटू नये. हे दोन्ही जिल्हे एक होते तेव्हा, १९४३ ते १९४६ या काळात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली येथे प्रतिसरकार उभे राहिले. परक्या सरकारच्या पोलिसाकडे न जाता गावकरी आपले तंटे घेऊन त्याच्या न्यायमंडळांकडे गेले. त्या काळच्या शिक्षा कठोर होत्या, त्यांचे समर्थन आज कोणी करणार नाही. पण धडा टिकून आहे : ज्या ठाण्यावरचा लोकांचा विश्वास उडतो, त्या ठाण्याची पायरी लोक चढत नाहीत; आणि तेथे कायद्याची जागा दुसरे कोणीतरी घेते.

म्हणून अभ्यासिकेतील मुलाने परीक्षेपूर्वी स्वतःला एक साधा प्रश्न विचारावा. जिल्ह्यातील एखादी गरीब बाई रात्री दोन वाजता, अटक झालेल्या मुलाची चौकशी करीत ठाण्याच्या दारात आली, तर तिला खरे उत्तर मिळेल, अशी व्यवस्था तो करू शकेल काय? उत्तर होकारार्थी असेल, तर त्याने खुशाल खुर्चीचे स्वप्न पाहावे. त्या खुर्चीला अशाच माणसाची गरज आहे.